एकशे अकराव्या जागेची जबानी

ई. कोलाय या जिवाणूच्या काही वाणांत आढळणारे इको-आर-वन हे विकर डीएनएच्या अफाट साखळीत जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा क्रम बिनचूक हुडकून नेमक्या जागी दोन्ही धागे कापते. परंतु त्याच्या सुमारे पावणेतीनशे अमिनो आम्लांपैकी प्रत्यक्ष कातर कोणाच्या हाती असते, हा तपास केवळ निरीक्षणाने तडीस जाणारा नव्हता. मायकेल स्मिथ यांनी १९७८ साली कॅनडात सिद्ध केलेल्या आणि १९९३ साली नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या पद्धतीमुळे जनुकातील हवे ते अक्षर बदलून, एकाच आम्लाला पदच्युत करून, विकराची पुन्हा परीक्षा घेणे शक्य झाले.

१११ व्या जागेवरील ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन बसविले, म्हणजे आकार जवळजवळ तोच ठेवून केवळ ऋणभार काढून घेतला, तेव्हा विकराने आपला क्रम पूर्ववत ओळखला, मूळ विकराहूनही घट्ट धरला, आणि कापण्याचे काम मात्र जवळजवळ थांबले! ओळखणे आणि कापणे ही दोन निराळी कामे आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा मला तरी अत्यंत सुंदर वाटतो. डीएनएवरून धावणाऱ्या इतर प्रथिनांची वाट अडविण्यासाठी संशोधक आज हेच पंगू विकर मुद्दाम वापरतात.