फातोर्डा : फायनलचं मैदान

मडगावजवळच्या फातोर्डा इथल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचे पाच अंतिम सामने रंगले.

● २०१५ : ८७व्या मिनिटाला एफसी गोवा २-१ने पुढे होता. त्यानंतर गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून स्वयंगोल झाला आणि भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने गोल केला. चेन्नईयिन ३-२ने विजेता.

● २०२० : करोनामुळे गॅलऱ्या रिकाम्या. एटीकेची चेन्नईयिनवर ३-१ने मात.

● २०२१ : पुन्हा प्रेक्षकांविना. बिपिन सिंगच्या ९०व्या मिनिटाच्या गोलमुळे मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ने हरवून पहिला करंडक जिंकला.

● २०२२ : प्रेक्षक परतले. हैदराबादकडून गोव्याच्याच साहिल ताव्होराने ८८व्या मिनिटाला केरळा ब्लास्टर्सशी १-१ अशी बरोबरी साधली. मग पेनल्टी शूटआउटमध्ये, आता हैदराबादचा गोलरक्षक असलेल्या कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि हैदराबाद ३-१ने विजेता ठरला.

● २०२३ : २-२ बरोबरीनंतर एटीके मोहन बागानने बेंगळुरूला शूटआउटमध्ये ४-३ने नमवलं.

२०१५मध्ये ज्या मैदानावर करंडक निसटला, तिथेच २०२२मध्ये कट्टीमणीने तो जिंकून दिला. फातोर्ड्याच्या पाच फायनलमधली ही सर्वांत मोठी कामगिरी.