बारदान कोणाच्या खाती?

व्यापाऱ्याच्या बोलण्यात कचरा हा शब्द क्वचितच येई. त्याच्याकडे असे ते बारदान. पोते, डबा, खोका यांचे वजन मालातून वजा करायचे आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा, ही पेढीवरची जुनी शिस्त. रिकामे पोते पुन्हा भरले जाई, तेलाचा डबा कोणाच्या तरी घरी धान्याला नाहीतर पाण्याला लागे. शहापूर आणि मुरबाड येथील बाजारपेठांतून आज जे बारदान बाहेर पडते, ते मात्र कोणत्याच वहीत उतरत नाही. शांपूची पुडी किंवा वेफर्सचे चकचकीत पाकीट हे प्लास्टिक व धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेले असते. हे थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवालाही ते उचलत नाही.

कचऱ्याची जात ओळखायची, तर त्याचे कूळ पाहावे लागते. या दोन्ही तालुक्यांचे मुख्य पीक भात. शंभर किलो भात गिरणीत भरडला, की सुमारे वीस किलो तूस निघतो. तूस वीटभट्टीला जातो, कोंडा व पेंढा गुरांच्या पोटात जातो. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि वाळक्या फांद्या शेताच्या तुकड्यावर पसरून राब भाजतात आणि त्याच राखेच्या जमिनीत पहिल्या पावसाला भाताची रोपे धरतात. राबाच्या धगीत मातीतले जीवही होरपळतात, ही गोष्ट अहिंसेचा विचार करणाऱ्याला खटकल्यावाचून राहणार नाही. तरी शेतातून निघालेले शेतात परत जाई, एवढे खरे. पंगतीची पत्रावळही पळसाच्या पानांची असे आणि दुसऱ्या दिवशी तिचे खत होई. थर्माकोलच्या ताटांनी हा क्रम मोडला.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन वाटा सांगितल्या. ओला म्हणजे स्वयंपाकघरातला, आठ-पंधरा दिवसांत कुजू लागणारा. सुका म्हणजे रद्दी, पुठ्ठा, काच, पत्रा व प्लास्टिक. तिसऱ्या वाटेत पारा असलेली जुनी ट्यूबलाइट, घड्याळातला सेल, रंगाचा डबा, मुदत संपलेली औषधे येतात. दवाखान्यातील सुया व पट्ट्या यांचे नियम स्वतंत्र आहेत. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कारखान्यांतून निघणाऱ्या घातक अवशेषांचेही स्वतंत्र. गल्ल्याजवळच्या एकाच टोपलीत हे सगळे एकत्र पडले, की रद्दीलाही भाव राहत नाही आणि खतही होत नाही. रात्री दुकान वाढवताना मागच्या बोळात या ढिगाला काडी लावणे हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग होय. जळत्या प्लास्टिकचा विषारी धूर शेजारच्याच घरात शिरतो.

साधूंच्या पाच समितींपैकी शेवटची ही टाकून देण्याचीच आहे. श्वेतांबर परंपरेत तिला पारिष्ठापनिका म्हणतात, तत्त्वार्थसूत्रात तिचे नाव उत्सर्ग. टाकायची वस्तू जिथे टाकायची, ती जागा जीवरहित आहे ना, हे आधी पाहायचे. नियम मुनींसाठी सांगितला असला, तरी गृहस्थाला त्याचा अर्थ कळायला एक गाय पुरते. उरलेले अन्न पिशवीत घालून वर गाठ मारली, की गाय ती गाठ सोडत बसत नाही. वासाने पिशवीसकट गिळते. अन्न पचते, पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहते. वर्षानुवर्षे असे गोळे साचून जनावर खायचे थांबते. पांजरपोळाला दान देणाऱ्या घरातूनच अशी गाठ बाहेर पडावी, हे विपरीतच. ताट धुऊन पिण्याची ज्या घरात सवय आहे, तिथे मुळात गाठ मारण्याजोगे फार उरत नाही.

महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून देशभर प्लास्टिकच्या काड्या, चमचे, थर्माकोलची सजावट अशा वस्तूंनाही मनाई झाली. पुडी आणि पाकीट मात्र बंदीबाहेर राहिले. ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, परंतु डोंगराळ पाड्यावर विकलेली पुडी परत कोण आणणार? ती नाल्यात पडते आणि जूनमध्ये वाहू लागते. भातसा धरणाचे पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथे पोहोचते. तिथे ते उचलून, पांजरापूरला शुद्ध करून मुंबईला दिले जाते. म्हणजे शहापूरच्या दुकानदाराचे मुंबईत राहणारे नातेवाईक जे पाणी पितात, त्याची वाट याच तालुक्यातून गेलेली असते.

याच तालुक्यातले अनेक पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. जिथे पाणी दुरून आणावे लागते, तिथे झाकण असलेला रिकामा डबा कोणी फेकत नाही. कीटकनाशकाचा डबा तीनदा विसळावा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी पिण्याचे पाणी भरणार नाही, अशी सूचना आहे. लेबलवरची अक्षरे इतकी बारीक, की दुकानदाराने तोंडाने सांगितल्याखेरीज ती शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही. औषध विकणाऱ्या दुकानात त्यासाठी फार तर एक मिनिट लागते, आणि डबा परत घ्यायचा म्हटले तर फळीखालचा एक कोपरा.