जेटला तार नको!

मालवणात पावसाळाभर उभी राहिलेली जुनी येझदी दसऱ्याला कितीही किका मारल्या तरी सुरू होत नाही. असे का? कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब घटतो आणि वातावरणाचा दाब पेट्रोलला जेटच्या छिद्रातून वर ढकलतो. साचलेले पेट्रोल उडून गेले, की डिंकासारखा थर उरतो. तो छिद्र बुजवतो.

मग तारेने टोकरावे काय? मुळीच नाही! समजा, छिद्राचा व्यास 0.50 मिलिमीटर आहे. पितळ झिजून तो 0.55 झाला, तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे 21 टक्के वाढते. पेट्रोल जास्त जाते, प्लगवर काजळी धरते. म्हणून जाणता मेकॅनिक जेट द्रावकात भिजवून हवेच्या झोताने साफ करतो. पावसाळ्यापूर्वीच कार्ब्युरेटर रिकामा केलात, तर तीही गरज पडणार नाही.