जुन्या पिकअपचा डिझेल पंप

माझी नोकरी ईएमईत गेली, म्हणजे लष्कराची वाहनं दुरुस्त करणाऱ्या शाखेत. निवृत्तीनंतर महूजवळ राहायला आलो आणि शेजाऱ्याच्या भाजीच्या पिकअपमुळे पाने पुन्हा हातात आले. चढावर गाडी दम सोडायची. गॅरेजवाल्याने निकाल दिला, पंप गेला.

आधी स्वस्त कारणं संपवा. फिल्टर तुंबतो, टाकीकडची रबरी नळी हवा ओढते, नोझल टपकतात. इथे ते सगळं ठीक होतं. पण डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली आणि ऑइलला डिझेलचा वास! पंपातून डिझेल थेट इंजिनात उतरत होतं. अशी गाडी चालवत राहिलात तर बेअरिंग जातात. नवा पंप बसवल्यावर ऑइलही बदलायचंच.

पंप काढणं सोपं, बसवणं नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला, आणि लोक इथेच फसतात. टॅपेट कव्हर काढून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताने हलवून बघा. दोन्ही सैल हवेत. फ्लँजवरची जुनी खूण मदत करते, पण पंप दुसरा असेल तर तिच्यावर विसंबू नका, मॅन्युअलमधल्या अंशांप्रमाणे टायमिंग लावा. पुढे गेलं तर इंजिन ठोकतं, मागे राहिलं तर पांढरा धूर आणि ताकद कमी.

मग एअर काढायची. हँड प्रायमर मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलकडचे नट सैल करून सेल्फ मारा. सेल्फ थांबून थांबून, नाहीतर बॅटरी आणि मोटर दोन्ही बसतील.

आता हे नीट ऐका. चालू इंजिनात गळती बोटाने शोधू नका. युनिटमधल्या एका जवानाने शोधली होती. बोटावर सुई टोचल्याएवढा ठिपका, रक्तही नाही. मीच म्हटलं, "काही नाही रे, पट्टी लाव." रात्री हात कोपरापर्यंत सुजला. ऑपरेशन झालं, तरी बोटाचं एक पेर गेलं. त्या दाबाचं डिझेल कातडीखाली शिरून आत पसरतं. दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दाबाखालचं डिझेल आत गेलंय.

गळती शोधायला मी पुठ्ठ्याचा तुकडा धरतो. शेजाऱ्याच्या डॅशबोर्डवरही एक ठेवून दिलाय.