सागराचे सूत्र आणि साठ्याचा प्रश्न

समुद्रातील जीवांच्या पेशी, जनुके, विकरे आणि त्यांनी घडविलेली रसायने यांचा अभ्यास करून त्यांतून औषधे, चाचण्या किंवा उपयुक्त पदार्थ तयार करण्याच्या विद्येला सागरी जैवतंत्रज्ञान असे म्हणतात. या विद्येविषयी लिहिताना सागराच्या अथांग संपत्तीचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. परंतु गेल्या सात दशकांचा अनुभव पाहिला, तर समुद्र माणसाला सूत्र देतो, म्हणजे एखादा रेणू कसा रचावा हे दाखवून देतो, आणि त्या रेणूचा पुरेसा साठा मात्र क्वचितच देतो, असे दिसून येते. हा साठ्याचा प्रश्न ज्या ज्या मार्गांनी सोडविला गेला, त्या मार्गांचा इतिहास हाच बव्हंशी या विद्येचा इतिहास आहे.

अचल जीवांची रसायने

स्पंज हा प्राणी खडकाला चिकटून आयुष्य काढतो. त्याला पळता येत नाही, दात नाहीत, कठीण कवचही नाही. म्हणून भक्षकांपासून आणि शेजारच्या जीवांच्या अतिक्रमणापासून तो रसायनांच्या बळावर स्वतःचे रक्षण करतो. ही रसायने पुष्कळदा त्याच्या शरीरात वस्ती करून राहणारे सूक्ष्मजीव तयार करतात. पाण्यात सोडलेले रसायन क्षणार्धात विरळ होत असल्याने अत्यल्प मात्रेतही परिणाम करील असेच रसायन उत्क्रांतीच्या ओघात टिकून राहिले, आणि औषधशास्त्राला या रसायनांचे आकर्षण वाटते ते नेमके या तीव्रतेमुळेच.

१९५१ मध्ये वर्नर बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजातून वेगळ्याच शर्करेवर आधारलेला, डीएनएच्या घटकासारखा भासणारा पदार्थ वेगळा केला. त्याच सूत्रावरून पुढे प्रयोगशाळेत सायटाराबिन हे औषध घडविण्यात आले. अमेरिकेत त्याला १९६९ मध्ये मान्यता मिळाली आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरले जाते. हा रेणू लहान आणि सोपा असल्यामुळे त्यासाठी स्पंज गोळा करीत बसण्याची वेळ आली नाही.

हॅलिकॉन्ड्रिन-बी या रेणूची गोष्ट मात्र निराळी ठरली. १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी तो ६०० किलो स्पंजातून वेगळा केला, तेव्हा हाती आले केवळ १२.५ मिलिग्रॅम. पुढे न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळून एक टन स्पंज काढूनही सुमारे ३०० मिलिग्रॅमच मिळाले. हा पदार्थ पेशींच्या विभाजनाला आवश्यक असलेल्या सूक्ष्मनलिकांची वाढ रोखतो, म्हणजे कर्करोगावर तो उपयोगी पडू शकतो, हे कळूनही रुग्णांना पुरेल इतके औषध स्पंजातून काढायचे, तर स्पंजच शिल्लक राहिला नसता. १९९२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी यांनी हा अवाढव्य रेणू संपूर्णपणे प्रयोगशाळेत रचून दाखविला, आणि त्या रचनेदरम्यान त्याची औषधी शक्ती साधारण निम्म्या भागातच एकवटलेली आहे, हेही स्पष्ट झाले. त्या निम्म्या भागावरून तयार झालेल्या एरिब्युलिन या औषधाला २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते तयार करण्यास साठहून अधिक रासायनिक पायऱ्या लागतात. तरीही त्यासाठी आता एकही स्पंज कापावा लागत नाही.

दुसरा मार्ग किण्वनाचा, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून टाक्यांमध्ये पदार्थ तयार करवून घेण्याचा. कॅरिबियन भागातील खारफुटीच्या मुळांना चिकटून वाढणाऱ्या एका पिशवीसारख्या प्राण्यापासून ट्राबेक्टेडिन हे औषध सापडले. पण एक ग्रॅमसाठी सुमारे एक टन प्राणी लागत. अखेर स्यूडोमोनास या जीवाणूच्या किण्वनातून रचनेने जवळचा असा एक पदार्थ मिळवून, उरलेली घडण रासायनिक पायऱ्यांनी पूर्ण करण्याची रीत बसविण्यात आली, आणि २००७ मध्ये हे औषध युरोपात रुग्णांपर्यंत पोहोचले.

निळ्या रक्ताची चाचणी

घोड्याच्या नालेच्या आकाराचा म्हणून ओळखला जाणारा खेकडा हा खरा खेकडा नसून विंचू आणि कोळी यांचा नातलग आहे, आणि त्याचा वंश चाळीस कोटींहून अधिक वर्षे पृथ्वीवर टिकून आहे. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असल्याने ते निळे दिसते. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी असे नोंदविले, की विशिष्ट जीवाणूंच्या संपर्कात हे रक्त गोठते. त्या जीवाणूंच्या बाह्य आवरणातील अंतर्विष जीवाणू मेल्यानंतरही, साध्या उकळण्यानेही नष्ट होत नाही, आणि माणसाच्या रक्तात गेल्यास तीव्र ताप किंवा प्राणघातक धक्का देऊ शकते. बँग आणि जॅक लेव्हिन यांनी या गोठण्यावरून चाचणी तयार केली, तिला अमेरिकेत १९७७ मध्ये मान्यता मिळाली, आणि औषधे सशांना टोचून त्यांना ताप येतो का हे पाहण्याची जुनी रीत मागे पडली. लस, सलाईन, इन्सुलिन, शरीरात बसविण्याचा पेसमेकर यांसारख्या वस्तू रुग्णापर्यंत जाण्यापूर्वी अंतर्विषाच्या तपासणीतून जातात.

मात्र या चाचणीसाठी दरवर्षी लाखो प्राणी पकडून त्यांचे सुमारे तीस टक्क्यांपर्यंत रक्त काढले जाते, आणि समुद्रात परत सोडल्यावरही त्यांतील काही मरतात. अमेरिकेतील डेलावेअर उपसागराच्या काठी त्यांची अंडी खाऊन उत्तर ध्रुवाकडील प्रवासाला बळ मिळविणारा रेड नॉट हा स्थलांतरी पक्षी, आमिषासाठी झालेल्या त्यांच्या बेसुमार पकडीमुळे आधीच संकटात आला होता. सिंगापूरमधील डिंग जिआक लिंग आणि हो बो या संशोधकांनी रक्त गोठविण्याची साखळी सुरू करणाऱ्या ‘घटक सी’ या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. असे जनुक कीटकांच्या पेशींमध्ये घालून ते प्रथिन कारखान्यात तयार करता येते. युरोपच्या औषधसंहितेने, म्हणजे औषधांची अधिकृत मानके सांगणाऱ्या ग्रंथाने, २०२१ पासून या पर्यायाला स्थान दिले. त्या जनुकाचा मूळ धनी असलेली जात भारतातही, ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यांवर आढळते, ही गोष्ट भारतीय वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कोळंबीच्या सालीचे मोल

या सर्व उदाहरणांत पदार्थ दुर्मीळ होता. काही वेळा मात्र कच्चा माल ढिगाने पडून असतो आणि तोच डोकेदुखी ठरतो. मुंबईच्या ससून गोदीत किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कोळंबी सोलली जाते, तेव्हा डोके आणि साल मिळून वजनाचा मोठा भाग, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, वाया जातो आणि काही तासांतच कुजू लागतो. या सालीत कायटिन असते. सेल्युलोजनंतर निसर्गात सर्वांत विपुल असलेला हा बहुवारिक, म्हणजे लहान घटकांच्या लांबलचक साखळीने बनलेला पदार्थ आहे. सौम्य आम्लाने सालीतील क्षार, सौम्य अल्कलीने प्रथिने काढून टाकली, की कायटिन उरते. तीव्र अल्कलीत तापविल्यावर त्याचे कायटोसान होते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ही प्रक्रिया भारतात रुजविण्याचे काम केले आहे.

आम्लात विरघळल्यावर कायटोसानवर धन विद्युतभार येतो, तर रक्तातील तांबड्या पेशींचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. त्यामुळे कायटोसानची पट्टी जखमेवर ठेवताच त्या पेशी तिला चिकटून रक्तस्राव थांबतो. इराकच्या युद्धात अमेरिकी सैनिकांनी अशा पट्ट्या वापरल्या. गढूळ पाणी निवळण्यासाठी आणि फळांवर टिकाऊपणाचा पातळ लेप देण्यासाठीही हा पदार्थ उपयोगी पडतो. तथापि या प्रक्रियेतून आम्ल आणि अल्कलीचे सांडपाणी निर्माण होते, आणि ते तसेच खाडीत सोडले तर ज्या पाण्यातून कोळंबी आली त्याच पाण्याचा घात होतो. म्हणून लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू आणि प्रथिने तोडणारी विकरे यांच्या साहाय्याने साल स्वच्छ करण्याचे प्रयत्न महत्त्वाचे आहेत. साल ताजी असतानाच गोळा करणे, वाळविणे आणि कारखान्यापर्यंत पोहोचविणे ही साखळी बंदरावर उभी राहिली नाही, तर रसायनशास्त्र कितीही पुढे गेले तरी त्याचा लाभ किनाऱ्याला होणार नाही.

लाभात वाटा कोणाचा

रेणू प्रयोगशाळेत घडविता येऊ लागला, की मूळ जीवाची आणि तो जपणाऱ्या माणसांची गरज संपल्यासारखी वाटू लागते, आणि या प्रगतीतला सर्वांत गंभीर धोका तोच आहे. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने जैविक संपत्तीच्या वापरातून होणाऱ्या लाभात स्थानिक समाजाला वाटा देण्याचे तत्त्व मान्य केले, तर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्वीकारलेल्या कराराने कोणत्याही एका देशाच्या मालकीच्या नसलेल्या खुल्या समुद्रातील जनुकीय संपत्तीलाही लाभवाटपाचे तत्त्व लागू केले. ही तत्त्वे कागदावर राहू नयेत, यासाठी गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संशोधन संस्था आणि कोळीवाडे यांच्यात नित्याचा संवाद हवा. कारण कोणता जीव कोणत्या खडकावर, कोणत्या ऋतूत आढळतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांकडेच असते.

एरिब्युलिनमुळे स्पंज वाचला आणि ‘घटक सी’मुळे निळ्या रक्ताच्या प्राण्याला उसंत मिळण्याची शक्यता निर्माण झाली, दोन्ही ठिकाणी सूत्र हाती आले ते मूळ जीव तोवर जिवंत होता म्हणूनच. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवर आणि खाड्यांमध्ये ज्यांच्या रसायनांची तपासणी अद्याप झालेली नाही, असे असंख्य जीव आहेत. त्यांचा अधिवास भराव आणि सांडपाणी यांच्याखाली गेला, तर हरवलेले सूत्र कोणत्याही प्रयोगशाळेला पुन्हा रचता येणार नाही. म्हणून खडक, खाडी आणि खारफुटी यांचे रक्षण हा सागरी जैवतंत्रज्ञानाचाच पहिला टप्पा मानला गेला पाहिजे.