हिंदुरावांच्या टेकडीवर पाण्याची गोष्ट

उत्तर दिल्लीच्या रिजवर, हिंदुराव रुग्णालयाच्या आवारात एक बावडी आहे. फिरोजशाह तुघलकाच्या काळातली, चौदाव्या शतकातली. रुग्णालयाला ज्यांचं नाव लागलं ते हिंदुराव घाटगे मूळचे आपल्या कागलच्या घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि पुढे त्याचा टेकडीवरचा बंगला हिंदुरावांकडे आला. १८५७च्या दिल्लीच्या वेढ्यात इंग्रज फौज याच बंगल्याच्या आसऱ्याने तळ ठोकून होती. तोफगोळ्यांबरोबर तिथे पटकीही माणसं नेत होती. सेनापती हेन्री बर्नार्ड ५ जुलैला पटकीनेच गेला.

पटकीत माणूस काही तासांत सुकतो. डोळे खोल जातात, बोटं सुरकुततात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहते. एवढं पाणी शरीरात हलतं तरी कसं?

पेशीचं आवरण तेलकट. त्यातून पाणी झिरपतं, पण सावकाश. मूत्रपिंडात किंवा तांबड्या रक्तपेशीत ते ज्या वेगाने ये-जा करतं, त्यासाठी खास दारं असणार, अशी शास्त्रज्ञांना फार दिवसांची शंका होती. दार सापडलं ते मात्र दुसरंच काही शोधताना. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले पीटर ॲग्रे हे रक्तविकारांचे डॉक्टर. विद्यार्थिदशेत त्यांनी जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या विषावर काम केलं होतं. पुढे आरएच रक्तगटाचं प्रथिन वेगळं काढताना एक अनोळखी प्रथिन सारखं त्यांच्या हाती लागू लागलं. त्याचं काम काय, हे ठरवलं बेडकाच्या अंड्यांनी. ही अंडी गोड्या पाण्यातही सहसा फुगत नाहीत. काही अंड्यांत ते प्रथिन तयार करण्याचा जनुकीय निरोप टोचला आणि ती पातळ द्रावणात सोडली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. टोचलेली बघता बघता फुगली आणि लाह्यांसारखी फुटली. साल १९९२. प्रथिनाला नाव मिळालं ॲक्वापोरिन, आणि २००३ साली ॲग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

हे दार इतकं अरुंद, की पाण्याचे रेणू एकामागे एक रांगेनेच जातात. तरीही एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू पार होतात. हायड्रोजनच्या भारित कणाला मात्र आत घेतलं जात नाही, नाहीतर पेशीतलं आम्लाचं गणितच कोसळेल. माणसात अशी तेरा प्रकारची दारं आहेत.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवीवाटे जातं जेमतेम दीड लिटर. मे महिन्यात दिल्लीच्या उन्हात दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याची लघवी गडद पिवळी होते, तेव्हा मेंदूकडून वॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटलेलं असतं. पेशीच्या पोटात इवल्या पिशव्यांत ठेवलेली दारं काही मिनिटांत पृष्ठभागावर येतात आणि पाणी परत रक्तात ओढलं जातं. जन्मतःच हे दार बिघडलेलं मूल लिटरच्या लिटर लघवी करतं, सतत तहानेनं रडतं. मधुमेहच वाटावा, पण रक्तातली साखर मात्र नेमकी असते.

मेंदूतल्या दाराची कथा जास्त क्रूर आहे. इथे शरीराची स्वतःची प्रतिपिंडंच त्याच्यावर तुटून पडतात. दृष्टी झपाट्याने जाते, पाय लुळे पडतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा तो आजार. बरीच वर्षं तो मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचाच प्रकार समजला जाई. २००५ साली प्रतिपिंडांचं लक्ष्य ॲक्वापोरिन-४ असल्याचं कळलं आणि रक्ताच्या तपासणीने दोन्ही आजार वेगळे ओळखता येऊ लागले. हे कळणं फार मोलाचं, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं या रुग्णाला उलट अपाय करतात.

आता पुन्हा पटकीकडे. मूत्रपिंडाच्या पेशीत वॅसोप्रेसिनचा हुकूम आत पोचवतो तो सायक्लिक एएमपी नावाचा रेणू. पटकीचं विष आतड्याच्या पेशीत नेमका तोच रेणू बेसुमार वाढवतं. मूत्रपिंडात हा निरोप पाणी राखतो. आतड्यात तो क्षाराचं दार उघडं टाकतो, आणि क्षारामागोमाग पाणी वाहून जातं. पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारी आतड्यातली वाट या विषाने बंद होत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच वाटेवर भिस्त ठेवली. पिंपात साखर-मिठाचं पाणी कालवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले.