‘किती जीबीचं?’ या प्रश्नात अडकलेली खरेदी

नवा गेमिंग पीसी जुळवायला निघालेलं गिऱ्हाईक बीडमधलं असो, अंबाजोगाईचं की माजलगावचं, ग्राफिक्स कार्डाबद्दल त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘किती जीबीचं?’ हाच असतो. मोबाइल घेताना जीबी मोजायची सवय झाली आहे, तोच हिशेब कार्डालाही लावला जातो. जीबी जास्त तर कार्ड दमदार, हा समज घरच्यांनी साठवून दिलेल्या पैशांचं मोठं नुकसान करतो. कार्डाजवळ एका वेळी किती माहिती ठेवता येईल, एवढंच जीबीच्या आकड्यावरून कळतं. पडद्यावरचं दृश्य तयार करण्याचं काम चिप करते. तिला माहिती किती वेगानं पुरवली जाते, हे मेमरीचा प्रकार आणि बसची, म्हणजे मेमरी व चिप यांमधल्या वाटेची, रुंदी यांवर ठरतं.

खोक्यावर ‘४ जीबी’ असं ठळक छापलेलं जीटी ७३० अजूनही बाजारात दिसतं. ही मालिका २०१४ची. तिच्या ६४ बिट डीडीआर३ कार्डात मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी आहे. २०१९मध्ये आलेलं जीटीएक्स १६५० हेही ४ जीबीचंच, पण त्याच्या जीडीडीआर५ मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी, म्हणजे जवळपास नऊपट, आणि चिपही कितीतरी ताकदवान. जीबीच मोजणाऱ्याला ही दोन्ही कार्डं सारखी वाटतील. नावावर विसंबूनही भागत नाही. आरटीएक्स ३०५० या नावाखाली २०२२मध्ये ८ जीबीचं आणि २०२४मध्ये ६ जीबीचं कार्ड आलं. फरक २ जीबीचाच असेल असं वाटतं, पण दुसऱ्यात चिपमधले कुडा कोअर, म्हणजे गणित करणारे घटक, २५६०वरून २३०४वर आले आणि बस १२८ बिटवरून ९६ बिटवर. म्हणून बिलावर नुसतं ‘३०५०’ नको, पूर्ण मॉडेल लिहून घ्यावं.

मग जीबीला काहीच किंमत नाही का? आहे, आणि हा आक्षेप रास्त आहे. नव्या, जड गेममध्ये टेक्स्चर सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवले की ८ जीबी अपुरे पडतात आणि खेळ अडखळतो. आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ जीबीत निघालं. चिप तीच, त्यामुळे ८ जीबीत मावणाऱ्या गेममध्ये दोघांचा वेग जवळपास सारखाच. मेमरी संपते तिथेच १६ जीबीचा फायदा दिसतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ साध्या फुल एचडी मॉनिटरवर खेळणाऱ्यानं त्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. आधी चिप पाहावी, मग मॉनिटर आणि गेम, आणि जीबी त्यानंतर.

दुसरा गैरसमज विजेचा. ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बसवला की बिल वाढेल, या भीतीनं अनेकजण बिनब्रँडचा हलका एसएमपीएस घेतात. ६५० ही कमाल क्षमता आहे. लागते तेवढीच वीज तो ओढतो. खरा हिशेब कार्डाच्या वॅटचा. ३०५०चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटवर चालतं, त्यामुळे बहुतेक मॉडेलना वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. आरटीएक्स ४०६०ला ११५ वॅट लागतात, तर आरटीएक्स ५०७०ला २५०. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. खेळ रंगात असताना लाइट गेली, तर ४०६०चा पीसी सावकाश बंद करायला वेळ मिळतो. ५०७०, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून भार यूपीएसच्या क्षमतेपलीकडे जातो आणि पीसी धाडकन बंद पडू शकतो. शिवाय उन्हाळ्यात बीडचा पारा चाळिशीपार जातो आणि एसी नसलेल्या खोलीत कार्ड तेवढंच जास्त तापतं. ठरावीक तापमान गाठलं की चिप आपला वेग स्वतःच कमी करते. अशा खोलीत जास्त वॅटचं कार्ड घालण्याऐवजी कमी वॅटचं कार्ड आणि समोरून हवा घेणारं, जाळीचं कॅबिनेट निवडलं, तर एप्रिल-मेमध्येही विकत घेतलेला वेग हाती लागतो.